उस्मानपुऱ्यातला कडूलिंब

गावात परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, संभाजीनगरात काय काय पाहिलं. मकबरा पाहिला का, पाणचक्की पाहिली का. मी म्हणते, एक लिंब पाहिला. लोक हसतात. त्यांना वाटतं म्हातारीचं डोकं चाललं, नाहीतर एवढ्या लांब जाऊन कडूलिंब कोण बघतं. कडूलिंब तर आमच्या गोठ्यामागेही आहे. म्हणून लिहून ठेवते. ज्याला हवं त्याने वाचावं आणि मला परत परत विचारू नये.

आमचं गाव अजिंठ्याजवळ. घरात पहिल्यापासून मेंढरं आणि शेरडं. एका दुष्काळात मेंढरं विकावी लागली आणि मालक कामाला शहरात गेले. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्यात बाई नाव घेत नाही. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरवर मालक रोजंदारीने लागले. एका उन्हाळ्यापुरतं म्हणून गेले ते म्हातारे होऊनच परतले.

मधल्या काळात दिवाळीला यायचे, जत्रेला यायचे. आले की तिकडच्या झाडांचं बोलायचे. अमक्या चौकातलं वाळत होतं ते फुटलं, तमक्याला कुणी खिळे मारले. त्यातही एक लिंब. उस्मानपुऱ्यात रस्त्याच्या कडेला त्यांनी स्वतः खड्डा खणून लावला होता. दुपारची भाकरी त्याच्याच बुडाशी खायचे. मला राग यायचा. इथे लेकरं ताप अंगावर काढून मोठी होतात आणि हा माणूस मला झाडाची पालवी सांगतो. मी त्या लिंबाला सवत म्हणायची. त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

मी तिकडे कधी गेले नाही. शेरडं कोण बघणार, सासू कोण बघणार. पुढे सासू गेली, शेरडं राहिली. मालकांना जाऊनही आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात ताप चढला की ते लिंबाला पाणी घातलं का असं विचारायचे. माझं विचारत नसत. मी समोरच बसलेली असायची, माझं काय विचारणार. तरी ते मनात राहिलं ते राहिलंच.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या लेकीचा, शोभाचा फोन आला. ती उस्मानपुऱ्यात भाड्याने राहते, दवाखान्यात आयाचं काम करते. म्हणाली, "मावशे, इथं मोठ्या गटाराचं काम निघालंय. रस्त्याची झाडं काढायला लागलेत. काकांचा लिंब बघायचा असंल तर आत्ताच ये. मागनं बोलू नको." मी शेरडं लेकाच्या हवाली केली आणि निघाले.

फुलंब्रीच्या पुढे

एसटीत बसण्याचं काही सांगण्यासारखं नाही, बसले आणि पोचले. फक्त रस्ता ओळखू येईना. लग्न झालं त्या साली मी मालकांबरोबर फुलंब्रीपर्यंत गेले होते, तेव्हा या रस्त्याला दोन्ही अंगांनी मोठाले वड होते. बैलगाडीत डोक्यावर पदर घ्यायची गरज पडली नव्हती. आता रस्ता रुंद झाला आहे, गुळगुळीत झाला आहे, आणि मधोमध कण्हेर लावली आहे. कण्हेरीखाली कोण बसणार?

फुलंब्रीला मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन एक बाई चढली आणि माझ्या पायावर गाठोडं ठेवूनच बसली. रोज शहरात जाऊन भाजी विकते म्हणाली. मी कशाला चालले ते विचारलं. झाड बघायला, असं मी सांगितलं तर म्हणाली, "झाडं बघायला शहरातली माणसं आमच्याकडं येतेत. तुमी उलटंच निघाल्या." तिचं खरं होतं. तिने मला उतरताना एक जुडी दिली आणि शहरात पाणी जपून वापर, नळ रोज येत नाही, असं बजावून गेली.

स्टँडवर रिक्षावाल्याला मी उस्मानपुऱ्यातल्या लिंबापाशी सोड म्हटलं. तो बरंच फिरवून भाजीवाल्यांच्या गल्लीत घेऊन गेला. "लो अम्मा, निंबू," म्हणाला. मी म्हटलं, निंबू नाय, लिंब, झाड, कडू. तो बिचारा चूक समजल्यावर इतका हसला की गाडी नीट चालवेना. "नीम बोलो ना अम्मा, मैं सीधा लाके छोडता था." सोडलं मात्र बरोबर, शोभाने सांगितलेल्या लिंबापाशी.

उस्मानपुरा

सून बघायला जातात तसा मी त्याला बघितला. आधी वरून खाली, मग खालून वर.

सवत देखणी निघाली. खोड दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं. फांद्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेलेल्या. रस्त्यावर भर उन्हाळ्याचं ऊन आणि त्याच्याखाली गर्द सावली. तीन रिक्षा, एक उसाच्या रसाची गाडी आणि एक झोपलेलं कुत्रं तिच्यात मावलं होतं. पण हाल केले होते त्याचे. बुडाला गळ्यापर्यंत सिमेंट. लहानपणी त्याला जी लोखंडी जाळी लावली असेल ती कुणी काढलीच नव्हती. झाडाने ती अंगात घेऊन टाकली होती, सालीतून नुसती टोकं बाहेर दिसत होती. वरच्या अंगाला विजेच्या तारा गेल्या होत्या तिथे मधोमध भांग पाडल्यासारखा शेंडा कापलेला. रस्त्याकडची एक जाडजूड फांदी समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर गेली होती, तिने दुकानाचा बोर्ड अर्धा झाकला होता.

आणि खोडावर, माझ्या छातीच्या उंचीला, लाल रंगाचा पट्टा. ताजा.

मी तिथेच बसले. मालक कोणत्या बाजूला बसत असतील ते कळेना. सकाळी सावली एकीकडे असते, दुपारी दुसरीकडे. दुपारची भाकरी म्हणजे दुपारची सावली धरायला हवी. मी सूर्य पाहून जागा बदलली. बरोबर आणलेली भाकरी तिथे बसून खाल्ली. काही विशेष वाटलं नाही. रस्त्याचा धूर लागत होता. मग संध्याकाळी शोभा कामावरून येऊन मला घरी घेऊन गेली तेव्हा तिथून उठायचं जिवावर आलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शोभाला सुट्टी होती. तिला मला मकबरा दाखवायचा होता. मी म्हटलं, मेलेल्या बाईची कबर काय बघायची, मला मालकांची झाडं दाखव. मग उन्हं चढेपर्यंत आम्ही रस्त्यारस्त्याने हिंडलो. आमच्याकडे झाडाला पाणी कोण घालतं? बी पडतं, शेरडाच्या तोंडातून वाचलं तर वाढतं. शहरातलं झाड दावणीच्या जनावरासारखं. त्याला खायला-प्यायला कुणीतरी आणून द्यावं लागतं, त्याची शिंगं कुणीतरी कापतं, आणि त्याने हलायचं नाही. रोपांना पिंजरे आहेत. दुभाजकावरच्या फुलझाडांना टँकरने पाणी मिळतं. शोभा म्हणाली ते गटाराचं पाणी साफ करून घालतात. माणसांच्या नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही आणि झाडाला मात्र कुणीतरी आठवणीने पाणी आणतं, हे बघून मला या शहराचं बरं वाटलं. तेच शहर झाडाला खिळा ठोकून त्यावर क्लासची पाटी लावतं. दोन्ही खरं आहे.

पण माझं लक्ष होतं ते लाल पट्ट्याकडे. हायवेच्या झाडांना पांढरा आणि तांबडा असे दोन्ही रंग असतात, ते मला ठाऊक आहेत. ते सरसकट सगळ्यांना असतात. उस्मानपुऱ्याच्या त्या रस्त्याला मात्र कुणाला पट्टा होता, कुणाला नव्हता. निवडून लावलेला रंग मी ओळखते. बाजारात खाटीक कळपात शिरतो, एकेका मेंढराची पाठ दाबून बघतो. पसंत पडलं की पाठीवर लाल रंग ओढतो. रंग पडला की ते मेंढरू आपलं राहिलं नाही. त्याला मग पाणी पाजायचं ते नुसतं उगीच. आमची सगळी मेंढरं गेली त्या दिवशी मी ते लाल पट्टे बघितलेले आहेत.

तरी खात्री करावी म्हणून चर खणणाऱ्या एका मजुराला विचारलं, हा रंग कशाचा. तो खोऱ्यावरून मान वर न करता म्हणाला, "निवडलेली हायत ती, आजी."

झालं. मला आणखी काय कळायचं राहिलं?

लाल पट्टा

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठले. शोभाच्या घरातली पाण्याची बादली घेतली, भांडी घासायचा काथ्या घेतला आणि जाऊन तो पट्टा घासून काढला. गेरूच होता. निघाला. सालीच्या भेगांतला बोटाने काढला. रंग धुतल्याने सौदा मोडत नाही हे मला कळत होतं. मेंढरांच्या वेळी मी धुतला नव्हता, नुसती उभी राहिले होते. या वेळी हात स्वस्थ बसेना.

घरी आले तर शोभा बादलीच्या पाण्यावरून करवादली. ते पाणी पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं होतं. मी भाकऱ्या थापायला घेतल्या. मनातून खूश होते.

भाकरी तव्यावर असतानाच रस्त्यावरून भांडण ऐकू आलं. जाऊन बघितलं तर माझ्याच वयाची एक गोरी, सुती साडीतली बाई हातात तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन मोबाइलवाल्या सलीमला फैलावर घेत होती. या समोरच्या इमारतीतल्या जोशीबाई. कुठल्याशा कचेरीत कारकून होत्या, आता घरी असतात. रोज सकाळी त्या लिंबाला धुवणाचं पाणी घालायला खाली उतरतात हे मला नंतर समजलं. त्यांचं म्हणणं असं की सलीमला बोर्ड मोकळा करून हवा आहे, म्हणून पट्टा त्यानेच पुसला. सलीम गल्ल्याशी अगरबत्ती लावत होता. तो म्हणाला, "मेरे कू क्या पड़ी है मौसी? गर्मी में मेरी दुकान इसी के नीचे ठंडी रहती." जोशीबाई म्हणाल्या, तुझ्या बोर्डावरचं तुझं नाव निम्मं झाकतंय, हे मला तूच मागच्या महिन्यात सांगितलंस.

मला काही उमजेना. पट्टा पुसला तर या बाईला राग का यावा? तरी दुसऱ्यावर आळ येतो आहे एवढं दिसत होतं, म्हणून पुढे झाले.

"पट्टा मी धुतलाय," मी म्हटलं.

जोशीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काय बोलले ते त्यांना ऐकूच आलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

मी सांगितलं. मालक कोण ते सांगितलं, मेंढरांच्या पाठीवरचा रंग सांगितला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग पातेलं खाली ठेवलं आणि हळू आवाजात बोलल्या, ते मला जास्त लागलं.

"अहो बाई, या रस्त्यावर जाणारी झाडं जास्त आणि राहणारी थोडी. म्हणून राहणाऱ्यांनाच पट्टा काढलाय. ज्याच्या अंगावर पट्टा नाही, ते आज पडणार."

गटाराचा चर या लिंबाला वळसा घालून न्यावा म्हणून बाईंनी उन्हातान्हात झाडांच्या खात्याकडे किती खेटे घातले होते, ते सलीमने मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या खात्याची अधिकारी एक तरुण मुलगी आहे. तिने शेवटी येऊन झाड बघितलं, मान्य केलं, आणि स्वतःच्या हाताने पट्टा ओढला. तो मी काथ्याने घासून काढला होता.

आम्ही बोलत होतो तोवर झाडं तोडणारांची गाडी रस्त्याच्या त्या टोकाला येऊन लागली. जोशीबाई अधिकारी मुलीला फोन लावत राहिल्या. तो वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मग त्यांना सुचलं आणि त्या वर जाऊन कुंड्या रंगवायचा गेरू आणि ब्रश घेऊन आल्या. मी ब्रश हातात घेतला एवढ्यात मुकादम येऊन उभा राहिला. चांगला माणूस होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "आजी, मी खुणेवर काम करतो. आता तुमी माझ्यासमोर रंग लावला तर मी तो कसा मानू? उद्या रस्त्याची सगळीच माणसं ब्रश घेऊन उभी ऱ्हातील." मी ब्रश जोशीबाईंच्या हातात परत दिला.

सलीमने मात्र आपली स्कूटर आणून खोडाला टेकवून लावली आणि किल्ली हरवली म्हणाला. मुकादमाने ती उचलून बाजूला ठेवायला सांगितलं तर म्हणाला, लॉक है, ब्रेक है, नई गाडी है, हात नक्को लगाओ. रसवाल्यालाही हुरूप आला, त्याने आपली गाडी आणून तिच्या शेजारी उभी केली. मी बुडाशी सिमेंटवर बसले. मुकादमाने कपाळावर हात मारला. बुडाशी जाता येत नाही तर दुकानावरची फांदी तरी उतरवा, बुडासाठी तेवढा वेळ थांबतो, असं त्याने माणसांना सांगितलं.

शिडी लागली. मशीनची करवत सुरू झाली तसे लिंबातले पक्षी एकदम उडाले.

शेरडांसाठी मी जन्मभर फांद्या तोडल्या. फांद्या ओढायची आकडी खांद्यावर घेऊन रानोमाळ हिंडले. फांदी पडताना मला कधी काही वाटलं नव्हतं. पडली की शेरडं धावत येतात, बरंच वाटतं. ही फांदी आधी कण्हली, मग तुटली, आणि सगळ्या सावलीसकट रस्त्यावर आली. जोशीबाईंनी तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. माझ्यामुळे पडली, तर बघायला नको?

करवत दुसऱ्या फांदीला लावणार तेवढ्यात जोशीबाईंचे एवढे फोन बघून ती अधिकारी मुलगी स्कूटीवरून आली. तोंडाला ओढणी बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. तिने हात वर करून करवत बंद करवली. सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. तिने पट्टा कुणी पुसला एवढंच विचारलं. मी उभी राहिले आणि मघाचं सगळं परत सांगितलं, खाटकापासून. मुकादम हसला. ती हसली नाही. तिने तोंडावरची ओढणी सोडली.

"रंग सगळ्यांना सारखा वाचता येत नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं. शब्द लिहायला हवा होता."

जोशीबाईंचाच गेरू घेऊन तिने खोडाला पट्टा ओढला आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ठेवणे. मग मला विचारलं, वाचता येतं का. मी वाचून दाखवलं. माझी चौथी झाली आहे.

सिमेंट फोडल्यावर

झाड राहिलं, पण संकट टळलं नव्हतं. त्या मुलीने जाताना सरळ सांगितलं की चराच्या बाजूची मुळं कापली जाणार, वरून एवढी फांदी गेली, ऊन असं. पाऊस लागेपर्यंत याला रोज बुडाशी सावकाश पाणी मुरवलं तर तगेल. टँकर येतो, पण त्याच्या वाट्याला किती झाडं, तो रोज येणार नाही. जोशीबाईंचे गुडघे धरलेले. पातेलंभर पाणी त्या कसंबसं उतरवतात. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, उलट रस्त्याकडे बघत राहिल्या.

"मी घालीन," मी म्हटलं.

लेकाला फोन केला. तो म्हणाला, आये, शेरडं व्यायला आलीत, तू तिथं लिंबाला पाणी घालत बसणार व्हय? मी म्हटलं, व्हय. शेरडांना तू हायेस.

मग मी तिथे राहिले. सलीमने पहार आणून बुडाचं सिमेंट फोडलं. फोडता फोडता माझ्याकडे बघून म्हणायचा, अम्मा, पुसना तुमने, खोदना मैंने. त्याचा बोर्ड आता पुरता दिसतो, पण दुकानात ऊन येतं, त्याची कटकट तो रोज करायचा. जोशीबाईंनी इमारतीच्या जिन्यात बादल्या मांडल्या. लोक तांदळाचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी, फिल्टरचं वाया जाणारं पाणी आणून ओतायचे. मी सकाळ-संध्याकाळ त्या बादल्या खेपा करून रिकाम्या करायची.

दुपारी आम्ही दोघी बुडाशी बसायचो. जोशीबाई खुर्ची आणायच्या, मी खालीच. त्यांची आमटी गोड. मी तोंडावर सांगितलं की आमटीत गूळ घालणं म्हणजे आजाऱ्याचं खाणं. त्यांनी माझा ठेचा चाखला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, हे तुम्ही माणसांना वाढता? एकदा सलीमच्या घरून नान-खलिया, म्हणजे जाड रोटी आणि मटणाचा रस्सा, आला. मी रस्सा पुसून खाल्ला. जोशीबाई खुर्ची थोडी लांब सरकवून बसल्या, पण कसा लागला ते मात्र बारकाईने विचारून घेतलं.

मालकांचं विचारायचं मी टाळत होते. मला माहीत होतं की समोरच राहणाऱ्या या बाईने त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिवस पाहिलेलं आहे. शेवटी एका दुपारी विचारलंच, इथे बसून ते काय बोलायचे.

"काही नाही," जोशीबाई म्हणाल्या. "फार कमी बोलणारा माणूस. दुपारी कचेरीतून जेवायला घरी यायची मी. पेपर घेऊन खाली आले की तेवढं विचारायचे, अजिंठ्याकडं पाऊस झाला का, बघा पेपरात."

रोज का, मी विचारलं.

"पावसाळ्यात रोज. पेपरात तुमच्या भागाचं काही नसायचं बहुतेक. पण तोंड बघवायचं नाही हो त्यांचं. मग मी सांगायची, झालाय, चांगला झालाय."

मालक दिवाळीला यायचे तेव्हा दारात पाऊल टाकताच म्हणायचे, औंदा पाऊस बरा झाला ना. कोरड्या साली पण म्हणायचे. आणि मी भडकायची. म्हणायची, तुमाला काय कळतंय, तुमी तिकडं सवतीच्या सावलीत बसा. ते गप्प व्हायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. ते का बघत होते, ते मला उस्मानपुऱ्याच्या रस्त्यावर, रिक्षांच्या धुरात बसून समजलं. आता समजून काय करायचं? सांगायला माणूस नाही. जोशीबाईंनी विचारलं, माझं खोटं बोलणं चुकलं का. मी म्हटलं, नाय, बरं केलं. एवढा माणूस पाऊस झाला म्हणून खूश होऊन जेवला तरी असंल.

त्या दिवशी मी संध्याकाळच्या बादल्या जरा जास्तच ओतल्या.

कापलेल्या जागी फुटवा आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. तांबूस, बोटाएवढा. अधिकारी मुलगी येऊन बघून गेली, आता तगेल म्हणाली. मी निघायची तयारी केली. निघायच्या आदल्या सकाळी टँकर आला. वरचा माणूस नवा होता, मालकांना ओळखणारा नव्हता. मला बादली घेऊन बुडाशी वाकलेली पाहून त्याला वाटलं मी खात्याचीच बाई आहे.

"आजी, कवा लागलात कामाला?" त्याने विचारलं.

"मालकाच्या जागी लागलेय," मी म्हटलं.

सरकारी कामावरचा माणूस गेला की त्याच्या जागी बायकोला घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. रोजंदारीच्या माणसाला मुळात जागाच नसते, हेही त्या टँकरवाल्याला माहीत असणार. तो स्वतः त्यातलाच दिसत होता. पण मग धरा, म्हणाला, आणि पाइप माझ्या हातात देऊन पाणी सोडायला गेला.

पाणी आलं तसा पाइप उसळला. मी दोन्ही हातांनी कवळला, पोटाशी धरला, पाय रोवले, तरी मला ओढत होता. एवढी वर्षं मालक दिवाळीला येऊन झाडांचं सांगत राहिले. पाइप इतका जड असतो हे कधी बोलले नाहीत.